पटावरच्या गप्पा : ऐंशी गुणांचा डोंगर

काय दोस्तांनो, स्पर्धेला नाव दिलंत का?

समजा, तुम्ही वारज्यात राहता. रविवारी सकाळी डबा घेऊन, बस पकडून स्पर्धेच्या हॉलवर पोचलात. भिंतीवर जोड्यांचा कागद लागलाय. तुमच्या नावासमोर जो खेळाडू आहे, त्याचं रेटिंग तुमच्याहून बरंच जास्त! पोटात गोळा येतो. ‘संपलंच आता’, असं वाटतं. खरं ना?

अशा वेळी नागपूरच्या दिव्या देशमुखला आठवा. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिलांचा विश्वचषक झाला. अंतिम फेरीत दिव्यासमोर होत्या कोनेरू हंपी. दिव्या १९ वर्षांची, रेटिंग २४६३. हंपी ३८ वर्षांच्या, रेटिंग २५४३. २००२ साली हंपी ग्रँडमास्टर झाल्या, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता! शिवाय एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पुण्यात झालेली महिला ग्रां प्री स्पर्धाही हंपींनीच जिंकली होती. दिव्या तिसरी आली होती.

पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. मग आले जलद डाव, आणि हंपी तर जलद बुद्धिबळात दोनदा जगज्जेत्या झालेल्या! पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. डाव लांबला, हंपींच्या घड्याळात वेळ उरेना आणि चुका झाल्या. दिव्याने त्या अचूक हेरल्या. २८ जुलैला ती विश्वचषक जिंकली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. या विजयामुळे ग्रँडमास्टर किताबही तिला थेट मिळाला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर!

आता थोडं गणित. ८० गुणांचा फरक असेल, तर १०० डावांत वरच्या खेळाडूला सुमारे ६१ गुण मिळतील असा अंदाज असतो. उरलेले ३९ कुणाचे? खालच्याचे! फरक ४०० चा असला, तरी आठ-नऊ गुण त्याच्या वाट्याला येतातच. आजवर तुम्ही कसे खेळलात, एवढंच रेटिंग सांगतं. आजचा डाव अजून व्हायचाय.

तेव्हा कागद बघून घाबरून बरोबरी मागू नका. प्रत्येक चालीला ‘समोरच्याला काय हवंय?’ हे स्वतःला विचारा, आणि एक डोळा घड्याळावर ठेवा.

आणि हरलात तर? डाव लिहिलेला असेलच. घरी येऊन पुन्हा मांडा. चूक सापडली, की पुढच्या रविवारी पोटातला गोळा थोडा लहान झालेला असेल. बघा करून!