पात्याचा कोन आणि मगभर पाणी

दाढी करताना कापले की बोल ब्लेडला लागतो. दोष बहुतेकदा कोनाचा असतो. पाते त्वचेशी साधारण 30 अंशांत टेकले, तर केस स्वच्छ कापला जातो. कोन फार वाढला की पाते कातडी खरवडते, फार कमी झाला की केसावरून नुसते घसरते. वस्तऱ्यात हा कोन कारागिराच्या मनगटात असतो. सेफ्टी रेझरमध्ये तो बराचसा डोक्याच्या घडणीतच बसवलेला असतो. वरची टोपी लवचिक पाते वाकवून धरते, खालची पट्टी त्वचा ताणते. या दोहोंच्या मधून धार किती बाहेर डोकावते, त्यावर दाढी किती घोटून होणार हे ठरते. धार बाहेर असेल तर गाल गुळगुळीत, पण हात जपून चालवावा लागतो. आत असेल तर हात निर्धास्त, मात्र खुंट मागे राहतात.

पण घडण प्रयोगशाळेत जमली म्हणजे घरात जमतेच असे नाही. जिलेटने भारतासाठी आणलेल्या एका रेझरची चाचणी अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून करून घेतली होती. त्यांच्याकडे नळाला धो धो पाणी! इथे मगभर पाण्यात बुडवून दाढी करणाऱ्यांच्या रेझरमध्ये केस अडकून बसले. कन्नड तालुक्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला हे कुणी समजावून सांगावे लागले नसते. पुढे कंपनीची माणसे भारतातल्या घरांत जाऊन बसली आणि 2010 मध्ये एका पात्याचा, अवघ्या चार भागांचा, 15 रुपयांचा रेझर आला. त्यात केस धुऊन निघायला मोकळी वाट होती.

तीन-चार पात्यांच्या महागड्या रेझरचा सोस म्हणूनच तपासून पाहावा. आधीचे पाते केस ओढते, मागचे तो त्वचेच्या पातळीखाली कापते. कुरळा केस मग आतच वळतो आणि मानेवर पुटकुळ्या येतात. अशांना थोडे खुंट राहू देणारा साधा रेझरच बरा. सलूनमध्ये मात्र दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड हवेच, कारण हेपॅटायटिस बी रक्ताच्या न दिसणाऱ्या अंशातूनही पसरतो.

पाणी मगभरच असेल, तर त्यातले निम्मे आधी गालावर खर्च करावे. भिजलेला केस मऊ पडतो, मग रेझरवर जोर द्यावा लागत नाही.