दुखणे तिचे, उपचार दोघांचे

‘एड्स हा बाहेरख्याली लोकांचा आजार, घरंदाज बाईला त्याची काय भीती?’ असे सुशिक्षित घरांतही अजून ऐकू येते. पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत झालेली एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांतील अनेकजणींचा नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता.

हा विषाणू मुख्यतः सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. योनीमार्गात आणि गर्भाशयाच्या तोंडाशीही त्यांचा पहारा असतो. योनीचे अस्तर अनेक थरांचे असते. गर्भाशयमुखाच्या आतले अस्तर मात्र एकाच थराचे, नाजूक. जंतुसंसर्गाने तेथे दाह झाला किंवा व्रण पडला, की अस्तर कमकुवत होते आणि पहारेकऱ्यांची कुमक धावून येते. एरवी हे हिताचेच. पण एचआयव्हीला नेमके हेच सावज हवे असते. हर्पिसचा व्रण भरून आला तरी या पेशी त्या जागी कित्येक आठवडे टिकून राहतात, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवून दिले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, अंगावरून जाणे हे ‘बायकांचे नेहमीचेच’ म्हणून सोडून देऊ नये. थोडे पांढरे पाणी जाणे नैसर्गिक आहे. परंतु दुर्गंधी, पिवळसर रंग, खाज, व्रण किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर डॉक्टरांना दाखवावे. जंतुनाशक द्रवाने आतून धुऊ नये; त्याने योनीतले उपकारक जंतू मरतात.

दुखणे संबंधातून आलेले असेल तर नवऱ्यानेही औषध घेतलेच पाहिजे. गोळ्या बायकोने खायच्या आणि नवऱ्याने नामानिराळे राहायचे, हा कुठला न्याय? शिवाय व्रण बरा झाला म्हणजे धोका टळला असे नाही. दोघांनीही एचआयव्हीची तपासणी करावी, तोवर निरोध वापरावा. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते व गुप्त ठेवली जाते. नवरा बाधित निघाला तरी हातपाय गाळू नयेत. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर संबंधातून बायकोला लागण होत नाही.

बाईने लाज बाळगून दुखणे अंगावर काढायचे आणि लागण झाली की बोल तिलाच लावायचा, ही रीत आता पुरे.