तेलाचें माप आणि तेलाचें वजन

तेलाचा लिटर म्हणजे तेलाचा किलो, हा समज सुशिक्षित घरांतूनहि आम्हांस अद्यापि आढळतो. तो पाण्यापुरताच खरा होय. गोडें तेल घ्या, तिळाचें घ्या, किंवा आमच्या सिद्धगडाच्या परिसरांत वरकस जमिनींत पिकणाऱ्या खुरासणीचें घ्या. लिटरभर तेल सुमारें ९१० ते ९२० ग्रॅमच भरतें. जुन्या गृहिणी मापी शेर व वजनी शेर यांची गल्लत करीत नसत.

डबा घेतांना भाव लिटराचा कीं किलोचा, हें प्रथम विचारावें. १५ किलोंच्या डब्यांत तेल सुमारें साडेसोळा लिटर असतें. १५ लिटरांच्या डब्यांत तें पावणेचौदा किलोंहूनहि किंचित् कमी. मोठ्या कुटुंबास हा दीड लिटरांचा फरक थोडा नव्हे. तोंडी हिशेब असा: लिटरांतून अकरावा भाग वजा केला कीं किलो, किलोंत दहावा भाग मिळविला कीं लिटर.

शिवाय उष्णतेनें तेल प्रसरण पावतें. तपमान चढें धरल्यास कमी वजनांतच लिटर पुरा दाखवितां येतो. म्हणून केंद्र सरकारनें २०२२ सालीं, पाकिटावर तपमान न लिहितां माप व वजन दोन्ही छापावींत, असें उत्पादकांस सांगितलें. वाचकभगिनींनीं त्यांतील वजनाचा आंकडा पाहूनच भाव ताडावा.