शोरूममध्ये गाडी टाकली, पण सर्व्हिसिंग खरंच झाली का?

कामरगाव हे वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं गाव. अशा गावातल्या माणसाला शोरूमची सर्व्हिसिंग हवी असेल तर बऱ्याचदा कारंजा नाहीतर अमरावती गाठावं लागतं. सकाळी गाडी टाकायची, संध्याकाळी धुतलेली चकाचक गाडी घ्यायची, बिल भरायचं. मधल्या वेळात आत काय झालं? ऑइल बदललं की नुसतं बिलात लागलं? एअर फिल्टर उघडून तरी पाहिला का?

गावातल्या मिस्त्रीकडे हा प्रश्न यायचा नाही. काम डोळ्यांदेखत व्हायचं, आणि चुकलंच तर तो संध्याकाळी चौकात सापडायचा.

पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले. मीटरवर इंजिनाचा दिवा लागला की बिघाडाचा कोड वाचायला स्कॅनर लागतो, आणि तो प्रत्येक मिस्त्रीकडे नसतो. त्यात बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीची अट असते, की सर्व्हिसिंग वेळेवर आणि अधिकृत ठिकाणीच झाली पाहिजे. म्हणजे विश्वास असो वा नसो, जावं तर तिथंच लागतं.

कारच्या बाबतीत हे प्रकरण तापलं होतं. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. दुचाकीत ताजं उदाहरण ओला इलेक्ट्रिकचं. तिथे डीलर नाही, विक्री आणि सर्व्हिस दोन्ही कंपनीकडेच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात १० हजारांहून जास्त तक्रारी आल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस धाडली. ९९ टक्क्यांहून जास्त तक्रारी सोडवल्या, असं कंपनीचं उत्तर होतं.

मग शोरूमचा मेकॅनिक लबाड असतो का? तसं नाही. गणित समजून घ्या. ‘फ्री सर्व्हिस’मध्ये फक्त मजुरी फ्री असते, ऑइलचे पैसे ग्राहकच देतो. त्या मजुरीपोटी कंपनी डीलरला ठरलेली रक्कम देते. मेकॅनिकने अर्धा तास घातला काय नि दोन तास घातले काय, रक्कम तीच. दसरा-दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की वेळखाऊ काम आधी वगळलं जातं. टॅपेट सेटिंगचंच बघा. ते थंड इंजिनवर करायचं असतं, आणि कामरगावहून पळवत आणलेली गाडी तर तापलेलीच असते! म्हणून ते काम असेल तर गाडी सकाळी लवकर लावून इंजिन निवू द्यायला सांगावं.

बाकी पुरावा कागदावर असतो. जॉब कार्डवर किलोमीटर आणि प्रत्येक तक्रार लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ एवढ्यावर सही करू नका. बदललेले जुने पार्ट परत मागा. निघण्याआधी ऑइल डिपस्टिकवर किंवा काचेतून बघा, चेन बोटाने वर-खाली करून बघा. साध्या बाइकला ती साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

तरी फसवणूक झाली तर? आधी १९१५ वर फोन. नाही भागलं तर ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. म्हणजे शोरूम अमरावतीला असलं तरी कामरगावच्या माणसाला वाशिमच्या आयोगात जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन होतो, मुदत दोन वर्षांची. आणि पक्कं बिल द्यायला नकार देणं हीच याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे ‘बिल नको, शंभर कमी करतो’ असं काउंटरवर कुणी म्हणालंच, तरी बिल घ्या.