निन्जा पाहिजेत, अनुभव २ ते ४ वर्षं

आमच्या धंद्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत 'निन्जा' या शब्दाची जेवढी वाट लागली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाची लागली असेल. जावास्क्रिप्ट निन्जा हवा, क्लाउड निन्जा हवा. अनुभव दोन ते चार वर्षं, दबावाखाली काम करायची तयारी, लगेच रुजू होणाऱ्यास प्राधान्य. २०१२ साली जेक्वेरीवाल्या जॉन रेसिगच्या पुस्तकाच्या नावातही निन्जा येऊन बसला. त्या पुस्तकाबद्दल तक्रार नाही, चांगलं आहे. तक्रार आहे ती जाहिरातवाल्यांबद्दल. त्यांना 'निन्जा' म्हणजे एकटा दहा जणांचं काम करणारा, रात्री न झोपणारा आणि पगाराबद्दल फार न बोलणारा माणूस हवा असतो.

माझं म्हणणं असं, की निन्जा म्हणजे काय हे आजवर नीट ओळखलं ते फक्त दहा-बारा वर्षांच्या पोरांनी. मोठ्या माणसांचा अंदाज दर वेळी चुकला. कसा ते सांगतो.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना निन्जा भेटला तो व्हीसीआरवर. वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा, दोन हिंदी पिक्चर घरच्यांसाठी आणि पहाटे सगळे पेंगायला लागले की एक 'फायटिंगचा इंग्लिश' पोरांसाठी. 'एंटर द निन्जा' (१९८१), 'रिव्हेंज ऑफ द निन्जा' (१९८३), 'अमेरिकन निन्जा' (१९८५). कॅसेट इतकी घासलेली असायची की निम्म्या वेळा पडद्यावर निन्जा कुठला आणि मुंग्या कुठल्या ते कळायचं नाही. संवाद तर शून्य कळायचे. पण गरज कुणाला होती?

दुसऱ्या दिवसापासून शस्त्रनिर्मिती. मच्छरदाणीच्या काठीचे दोन तुकडे आणि कुत्र्याची साखळी, झालं नानचाकू. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून चांदणी, आणि ती फेकायला केळीचं खोड, कारण त्यात रुतते. काळा टी-शर्ट डोक्यात अर्धाच घालून बाह्या मागे बांधल्या की गळ्याच्या भोकातून फक्त डोळे दिसतात. हे तंत्र कुणी शिकवलं ते आठवत नाही, पण भेटेल त्या शहरातल्या माझ्या वयाच्या माणसाला ते येतं :-)

आता मोठं झाल्यावर थोडं वाचलं की या सगळ्याचा पाया किती गंमतशीर होता ते कळतं. 'एंटर द निन्जा'चा दिग्दर्शक मेनाहेम गोलान इस्रायली, हीरो फ्रँको नीरो इटालियन, शूटिंग फिलिपीन्समध्ये. त्यातला खरा जपानी शो कोसुगी, तो व्हिलन! नानचाकूचा तर निन्जाशी काही संबंधच नाही. ते ओकिनावा बेटांवरचं हत्यार. ब्रूस लीला ते दाखवलं डॅन इनोसांतो या फिलिपिनो वंशाच्या अमेरिकन मित्राने, आणि 'एंटर द ड्रॅगन'मुळे (१९७३) ते जगभर पोचलं. म्हणजे ओकिनावाचं हत्यार, फिलिपिनो शिक्षक, हाँगकाँगचा नट, आणि आम्ही ते जमा केलं जपानी निन्जाच्या खात्यात.

काळ्या कपड्यांचंही तेच. हेरगिरी करायला निघालेला माणूस 'मी हेर आहे' असा युनिफॉर्म कशाला घालेल? बरेच अभ्यासक हा पोशाख काबुकी नाटकातून आला असं मानतात. तिथे सामान हलवणारे मदतनीस अंगभर काळं घालतात आणि प्रेक्षकांनी ते दिसत नाहीत असं धरून चालायचं असतं. अशा 'न दिसणाऱ्या' माणसाने अचानक सुरा काढला तर प्रेक्षक केवढा दचकेल! दिग्दर्शकाची आयडिया म्हणून लाजवाब, पण इतिहास नव्हे.

इतिहासातल्या निन्जांना तेव्हा बहुतेक ठिकाणी 'शिनोबी' म्हणत. क्योतोच्या आग्नेयेला डोंगरांत इगा आणि कोका हे त्यांचे प्रसिद्ध मुलूख. १५८१ मध्ये ओदा नोबुनागाने प्रचंड सैन्य घालून इगा उद्ध्वस्त केलं. हे लोक पुढे वेगवेगळ्या सरदारांच्या पदरी गेले आणि शांततेच्या काळात त्यांची विद्या कागदावर उतरली. १६७६ चा 'बान्सेनशुकाई' हा त्यातला सर्वांत मोठा ग्रंथ, बावीस खंडांचा. त्यात हत्यारं आहेत, दारूगोळ्याच्या कृती आहेत, कुलपं उघडायची साधनं आहेत. पण सुरुवातीलाच येतं ते मन ताळ्यावर कसं ठेवायचं याचं प्रकरण. आणि त्यांच्या कामाचे दोन भाग केलेत, एक लपून आत शिरण्याचा आणि दुसरा उघडपणे, वेश पालटून, चारचौघांत वावरण्याचा. १६८१ च्या 'शोनिन्की'त तर सात वेशच सांगितलेत: भिक्षू, व्यापारी, खेळ करणारा वगैरे.

हे वाचून मला पहिल्यांदा कोण आठवलं असेल? बहिर्जी नाईक! आपल्या गोष्टींमधला बहिर्जी असाच फकीर, गोंधळी, भिकारी होऊन शत्रूच्या गावात फिरतो आणि बातमी घेऊन परत येतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मात्र त्याचा मावळा कुणी मांडत नाही. मांडणार तरी कसा? ओळखू आला तर तो बहिर्जी कसला...

मुद्दा हा, की निन्जाचं काम मारामारीचं कमी आणि माहिती आणायचं जास्त. मारामारी करावी लागली तर बेत फसला असं समजायचं. 'निन्जा'तल्या 'निन'चा अर्थच सोसणं, दडून राहणं. ते अक्षर लिहितात तेव्हा वर पातं असतं आणि खाली हृदय. आज हा रीतसर अभ्यासाचा विषय आहे. इगा ज्या प्रांतात येतं तिथल्या मिए विद्यापीठात २०१७ साली निन्जा संशोधन केंद्र निघालं आणि २०२० मध्ये तिथून या विषयातला पहिला पदव्युत्तर विद्यार्थी बाहेर पडला.

मग पोरांनी काय ओळखलं होतं? सांगतो. आमच्या निन्जागिरीतला ऐंशी टक्के वेळ जायचा आवाज न करता चालण्यात. दुपारी आजी झोपलेली असताना स्वयंपाकघरात शिरायचं आणि लाडवाच्या स्टीलच्या डब्याचं झाकण वाजू न देता उघडायचं. ज्याने हे केलंय त्यालाच त्यातलं कौशल्य कळेल. आधी अंगठ्याने एक कड सैल करायची, मग डबा पोटाशी धरून झाकण फिरवत वर घ्यायचं. नानचाकू तर फिरवणाऱ्यालाच आधी हाणतं. कोपर, गुडघा, कपाळ, सगळं सुजवून घेतल्यावर महिन्याभराने एक आकडा नीट जमतो. शाळेतल्या कुठल्याही विषयाला आम्ही एवढी चिकाटी दाखवली नव्हती, आणि इथे कुणी मार्क देत नव्हतं. घरातला सर्वांत लहान, सर्वांत बिनमहत्त्वाचा जो माणूस असतो, त्याला निन्जा एक फार मोठी गोष्ट सांगतो: तुझ्याकडे कुणाचं लक्ष नाही ना, मग तीच तुझी ताकद.

मोठ्यांना मात्र फक्त हत्यार दिसतं. ब्रिटनच्या सेन्सॉरने नानचाकूचा इतका धसका घेतला होता की 'एंटर द ड्रॅगन'मधली ती दृश्यंही तिथे कापली गेली. निन्जा टर्टल्स तिथल्या टीव्हीवर आले ते 'हीरो टर्टल्स' या नावाने, नानचाकू वगळून. कहर म्हणजे १९९१ च्या टर्टल्स पिक्चरमध्ये मायकेलँजेलो सॉसेजची माळ नानचाकूसारखी फिरवतो, तेही कापलं. सॉसेज! न्यूयॉर्क राज्यात १९७४ पासून नानचाकू घरात ठेवायलाही बंदी होती, ती २०१८ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे, शस्त्र ते शस्त्र, कुणाचा डोळा फुटला तर? मान्य. डालड्याची चांदणी खरंच वाईट वस्तू आहे. आमच्या कॉलनीतल्या एका काकांनी त्यावर सेन्सॉर बोर्डापेक्षा भारी नियम काढला होता: फेकायची तर फक्त केळीवर, माणूस समोर असेल तर फेकणाऱ्याची चांदणी जप्त आणि आठवडाभर खेळातून बाद. खेळातून बाद व्हायची भीती डोळा फुटायच्या भीतीपेक्षा मोठी होती, त्यामुळे नियम पाळला जायचा. आणि शस्त्रांचं आकर्षण काय फक्त पोरांनाच असतं? जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली, ती बघायला गेलेल्या मोठ्या माणसांना कुणी हिंसक म्हणालं नाही.

सेन्सॉरला धोका दिसला, रिक्रूटरला रुबाब दिसला. सराव कुणालाच दिसला नाही. आणि त्याची किंमत आपण ऑफिसात रोज मोजतो. रात्री दोन वाजता पडलेला सर्व्हर उठवणाऱ्याला टाऊनहॉलमध्ये टाळ्या आणि गिफ्ट व्हाउचर मिळतं. जिने वर्षभर लॉग वाचून, बॅकअप तपासून, तो सर्व्हर पडूच दिला नाही तिला अप्रेझलमध्ये 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. का, तर तिने काय केलं ते दिसलंच नाही! अहो, न दिसणं हेच तर तिचं काम होतं. बान्सेनशुकाईच्या हिशोबाने तुमच्या टीममधली निन्जा ती आहे. दोन वाजता आरडाओरडा करत धावणारा शूर असेल, कामाचाही असेल, पण त्याला दुसरं नाव शोधा.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. तुम्ही टीम लीड वगैरे असाल तर या खेपेच्या अप्रेझलला 'या वर्षी काय काय बिघडलं नाही आणि कुणामुळे' असा एक रकाना घाला. भरताना पंचाईत होईल, होऊ द्या. आणि घरी पोरगं किंवा पोरगी काठ्यांना साखळी लावताना दिसली तर लगेच हिसकावून घेऊ नका. काठ्यांवर स्पंज गुंडाळून द्या, काचेच्या कपाटापासून लांब पाठवा, आणि महिन्याभराने एक आकडा करून दाखवायला सांगा.

स्टीलचे डबे हल्ली बऱ्याच घरांतून गेलेत आणि प्लास्टिकचं झाकण कुणीही गुपचूप उघडेल. तेवढं मात्र या पिढीचं नुकसान आहे. असो.