बँक म्हणवते, पण ठेव घेत नाही

बंगळूरच्या बसवनगुडीत 'बँक' हा शब्द आता लोक जपून उच्चारतात. जानेवारी 2020 मध्ये तिथल्या श्री गुरु राघवेंद्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदाराला स्वतःचेच पैसे 35,000 रुपयांच्या वर काढता येईनात. निदान त्या बँकेचे दार ठाऊक होते. जिचे दारही आपण पाहिलेले नाही अशी दुसरी एक बँक आपल्या मालमत्तेचे भाव ठरवते. तिला इन्व्हेस्टमेंट बँक म्हणतात. आपल्याकडचे सरकारी नाव मर्चंट बँकर.

ही बँक ठेव घेत नाही, पासबुक देत नाही. तिचे गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या कंपन्या, सरकारे आणि फंड. तिचा एक विभाग शेअर-रोखे बाजारात विकून देतो व भाव सुचवतो. दुसरा, कोणत्या कंपनीने कोणती कंपनी गिळावी याचा सल्ला देऊन फी घेतो. तिसरा दिवसभर खरेदी-विक्री करतो. चौथा, कोणता शेअर घ्यावा याचे अहवाल लिहितो. या विभागांमध्ये भिंत असते, असे सांगतात. ती किती पक्की? अमेरिकेत 2003 मध्ये दहा बड्या संस्थांनी सुमारे 140 कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. आरोप हाच, की अहवाल लिहिणारे विकणाऱ्यांची तळी उचलत होते.

आता घरचे उदाहरण घ्या. 2019 च्या ऑक्टोबरात सरकारने आयआरसीटीसीचे 12.6 टक्के शेअर विकले. भाव 320 रुपये. मागणी आली 112 पट! 14 ऑक्टोबरला बाजारात पहिलाच सौदा 644 रुपयांना झाला. म्हणजे सुमारे 640 कोटींना जे विकले, ते काही दिवसांत दुप्पट किमतीचे ठरले. सल्लागार म्हणतात, थोडा भाव सोडावाच लागतो, नाहीतर विक्री फसते. थोडा? निम्मा भाव सोडणे याला आमच्या गावी व्यवहार म्हणत नाहीत. आपल्यापैकी काहींना सोडतीत शेअर लागले असतील, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण निम्मे शेअर मोठ्या संस्थांसाठी राखीव होते, आणि त्याच संस्था बँकरांची रोजची गिऱ्हाइके.

उलट मे 2022 मध्ये एलआयसीचा शेअर 949 रुपयांना विकला. पॉलिसीधारकाला 60 रुपये सूट, म्हणजे 889. बाजारात तो पहिल्याच दिवशी 867 ला उघडला. एका विक्रीत सरकारी तिजोरीला खोट, दुसरीत पॉलिसीधारकाला. सल्लागारांनी मात्र दोन्हीकडे हात राखले.

पोस्टाच्या काउंटरवर व्याजाचा दर आधीच जाहीर असतो, आणि पैसे भरणाऱ्याला तो वाचता येतो. 1 जानेवारी 2004 पासून रेल्वेत वा टपाल खात्यात रुजू झालेल्या साथींचे नवीन पेन्शन योजनेतले पैसे मात्र शेअरबाजारातही जातात. म्हणून आमची मागणी आहे: रेल्वेच्या कोणत्याही कंपनीचे शेअर विकण्यापूर्वी भाव कोणी, कशावरून सुचवला याचे कागद कामगार संघटनांपुढे ठेवा, आणि विकणाऱ्या बँकरची फी जाहीर करा.