‘मुलांसाठी’ हा शिक्का कोण मारतो?

‘अब्बू, समोरच्या काकू जहन्नममध्ये जाणार का?’

माझ्या चार वर्षांच्या मुलीने जेवता जेवता हा प्रश्न विचारला, तेव्हा घास हातातच राहिला. समोरच्या काकू म्हणजे गणपतीत आमच्याकडे मोदकांचा डबा पाठवणाऱ्या आणि ही तापाने फणफणली असताना रात्री रिक्षा शोधायला आमच्यासोबत खाली उतरलेल्या बाई. घरात कोणी असे काही बोललेले नव्हते. शोध घेतला तेव्हा कळले की हे एका कार्टून चॅनेलवरून आले होते. त्या चॅनेलच्या नावात ‘इस्लामी’ही होते आणि ‘किड्स’ही. आम्हीच ते लावून दिले होते, ‘दीनी आहे, बघू दे’ असे म्हणून.

मग मुलगी झोपल्यावर आम्ही नवरा-बायको ते चॅनेल बघत बसलो. पहिले सहा व्हिडिओ चांगले होते. सलाम कसा करावा, जेवणाआधीची दुआ, आईचे ऐकावे. सातव्यात आग होती, किंकाळ्या होत्या आणि आगीत कोण कोण जाणार याची यादी होती. आवाज तोच, गोड. चूक चॅनेलवाल्याची होतीच, पण पहिले दोन व्हिडिओ बघून बाकीच्यांवर डोळे मिटून भरवसा आम्ही ठेवला होता.

शिक्का बघून आपण निर्धास्त होतो. म्हणून तो कुठून येतो हे समजून घेतले पाहिजे. यूट्यूबवर ‘मुलांसाठी बनवलेला’ ही खूण मुख्यतः व्हिडिओ टाकणारा स्वतःच करतो. ही पद्धत जानेवारी २०२० पासून लागू झाली आणि तिचे मूळ बालशिक्षणात नाही. आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यूयॉर्क राज्याने गूगल-यूट्यूबकडून १७ कोटी डॉलर वसूल करण्याचे ठरवले. त्यानंतर ही खूण आली. खूण केली की बघणाऱ्याच्या सवयी हेरून दाखवलेल्या जाहिराती थांबतात आणि प्रतिक्रिया बंद होतात. म्हणजे तो जाहिरात आणि माहितीच्या कायद्याचा शिक्का आहे. व्हिडिओ कोणासाठी आहे एवढेच तो सांगतो. चांगला आहे की वाईट, यावर तो काहीच बोलत नाही.

मुलांसाठीचे वेगळे ‘यूट्यूब किड्स’ अ‍ॅप भारतात २०१६ मध्ये आले. तिथेही निवड मुख्यतः यंत्रच करते. २०१७ मध्ये जगभर ओरड झाली होती, कारण मुलांच्या लाडक्या कार्टून पात्रांच्या नावाखाली मारहाणीचे आणि भेसूर व्हिडिओ चाळणीतून सुटून मुलांपर्यंत पोहोचत होते. ओळखीचा चेहरा वर लावला की यंत्रही फसते आणि आईबापही. पुढच्या वर्षी त्या अ‍ॅपमध्ये एक चांगली सोय आली. पालकाने स्वतः निवडलेली चॅनेलेच दिसतील, बाकी काही नाही, असे ठरवता येते. माझ्या ओळखीच्या फार थोड्या घरांत ती वापरली जाते.

सॉफ्टवेअर लिहिणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगतो. यंत्राला जे मोजायला सांगाल, तेच ते वाढवते. यूट्यूबने २०१२ मध्ये किती जणांनी क्लिक केले यापेक्षा किती वेळ बघितले याला जास्त महत्त्व द्यायला सुरुवात केली. मूल किती वेळ चिकटून बसले हे मोजता येते. त्याची तरबियत कशी झाली, हे मोजायचा आकडा कुठल्याच कंपनीकडे नाही.

माझ्या पिढीने टीव्हीवर बालचित्रवाणी पाहिली आहे. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेली ती सरकारी संस्था शाळकरी मुलांसाठी मराठी कार्यक्रम बनवत असे. ते कधी कधी कंटाळवाणे असत, हे मान्य. पण ते बनवणारे कोण हे माहीत होते, काही चुकले तर विचारायला पत्ता होता आणि कार्यक्रम संपायचा. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. मुलांसमोर काय यावे हे ठरवणारी चाळणी आता घराघरात, आपल्याच हातात आली आहे.

आपल्याला ही चाळणी नवी नाही. हदीस कानावर आली की आधी रावी कोण, हे विचारायची आपली परंपरा आहे. बोल कितीही गोड असोत, सांगणारा कोण आणि त्याने कोणाकडून ऐकले, याचा तपास लागतो. मुलांच्या चॅनेललाही तीच तहकीक लावावी. आमच्या घरी आता हे प्रश्न विचारतो :

१. बनवणारा कोण? नाव, गाव, संस्था काही सापडते का?

२. मूल जवळ नसताना, आवाज चालू ठेवून, चॅनेलचे एक जुने, एक नवे आणि एक सर्वाधिक पाहिलेले चित्रण आपण पूर्ण बघितले का?

३. दहा आकडे मोजेपर्यंत पडद्यावरचे चित्र किती वेळा बदलते? सतत बदलत असेल तर ते मुलाला गोष्ट सांगत नाही, नुसते खिळवून ठेवते.

४. काही विकत घ्यायला लावते का?

५. कोणाची भीती किंवा तिरस्कार शिकवते का? आपल्याविरुद्ध असेल तर लगेच खटकते. आपल्या तोंडून दुसऱ्या धर्माविरुद्ध किंवा दुसऱ्या मसलकविरुद्ध असेल तेव्हाही खटकले पाहिजे.

६. बंद केल्यावर मूल काय करते? त्यातले काही खेळते, सांगते, विचारते, की फक्त आणखी मागते?

वेळेचीही मर्यादा हवीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितके बरे.

‘मग फोनच देऊ नका ना’ असे म्हणणारे भेटतात. त्यांनी एकदा संध्याकाळी शीळफाट्यावर यावे. कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रक आणि कंटेनरची रांग, टॉवरवर टॉवर उभे आणि मुलांना खाली सोडावे अशी जागा शोधावी लागते. नवरा गर्दीत अडकलेला, चुलीवर भात आणि कडेवर धाकटे. अशा वेळी फोन हातात देणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. आणि तिने एकटीने शंभर व्हिडिओ तपासावेत, असेही म्हणणार नाही.

म्हणून हे काम वाटून घेऊ. एका इमारतीतली पाच घरे एकत्र आली आणि प्रत्येकाने महिन्याला दोन चॅनेले नीट पाहिली, तर वर्षभरात शंभरावर चॅनेलांची पारख होते. त्यात बापांनीही बसावे, हे काम फक्त अम्मींचे नाही. मकतबच्या उस्तादांना आणि अंगणवाडीताईंना यादी दाखवावी. आणि नगरसेवक मते मागायला आले की गटारासोबत मैदानाचाही प्रश्न विचारावा.

मुलीला मी त्या रात्री सांगितले, की फैसला अल्लाहचा आहे आणि तो रहमान आहे. आपले काम काकूंचा डबा परत द्यायचे आहे, रिकामा नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच शेवया भरलेला डबा नेऊन दिला. ते चॅनेल आता आमच्या फोनवर दिसत नाही. पण ज्या घरांत ते अजून चालू आहे, तिथे सातवा व्हिडिओ कोणी पाहिला आहे का?